कोइझुमी याकुमो : परक्या देशात घर सापडलेला शिक्षक

कोणत्याही देशास जाणारे प्रवासी दोन प्रकारचे असतात. बहुतेक जण तो देश पाहून परत येतात. एखादाच त्या देशाचा होऊन राहतो. जपानवर प्रवासवर्णने पुष्कळ झाली. परंतु तेथील घराचा उंबरठा ओलांडून आतले जीवन जगापुढे ठेवणारे लाफकॅडिओ हर्न हे दुसऱ्या प्रकारचे. आम्ही जन्मभर मुलांना शिकविण्यात घालविला. त्यामुळे एका शिक्षकाचे हे चरित्र आम्हांस विशेष जवळचे वाटते. तेच आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीसच्या पश्चिमेकडील लेफ्काडा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश व ब्रिटिश सैन्यात शल्यवैद्य. बालपणीच हर्न डब्लिनला आले. पण थोड्याच वर्षांत आई मायदेशी परतली, ती पुन्हा कधी दृष्टीस पडली नाही. वडिलांनीही दुसरा संसार थाटला. पोरक्या मुलास वडिलांच्या मावशीने आश्रय दिला. सोळाव्या वर्षी शाळेत झालेल्या अपघाताने डावा डोळा गेला. पुढे मावशीचे द्रव्य बुडाले, शिक्षण तुटले, आणि १८६९ साली हा तरुण अमेरिकेत एकटा येऊन पडला. सिनसिनाटी शहरी उपासमार सोसून तो वृत्तपत्रात शिरला व लेखणीवर पोट भरू लागला.

१८९० साली लेखनाच्या कामानिमित्त ते योकोहामा बंदरी उतरले. प्रकाशकांशी बिनसल्यावर त्यांनी मात्सुए या लहान गावी इंग्रजी शिकविण्याची नोकरी धरली. तेथेच सेत्सुबाईंशी त्यांचा संसार सुरू झाला. त्या दारिद्र्यात सापडलेल्या एका सामुराई कुळातील कन्या. पतीस जपानी भाषा मोडकी येई, पत्नीस इंग्रजी येत नसे. तरी दोघांनी घरापुरती एक निराळीच बोली तयार केली. रात्री दिव्याच्या मंद उजेडात सेत्सुबाई भुताखेतांच्या व लोककथा सांगत. पुस्तकातून वाचून न दाखविता स्वतःच्या शब्दांत सांगावे, असा पतीचा आग्रह असे. त्यातूनच ‘क्वाइदान’ हा प्रसिद्ध कथासंग्रह १९०४ साली जगास मिळाला.

आपल्या पश्चात बायकामुलांचा वारसाहक्क अडू नये म्हणून १८९६ साली हर्न यांनी जपानी नागरिकत्व पत्करले व कोइझुमी याकुमो हे नाव घेतले. त्याच वर्षी ते तोक्योच्या विद्यापीठात अध्यापक झाले. आता ते कायद्याने जपानी होते. तरी परदेशी अध्यापक म्हणून वेतन घेणे सहकाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागले. १९०३ साली त्यांचा करार पुढे चालू झाला नाही. विद्यार्थ्यांनी निषेध केला, पण उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेले नात्सुमे सोसेकी होते. पुढल्या वर्षी वासेदा येथे शिकवीत असतानाच, २६ सप्टेंबर १९०४ रोजी, हृदयविकाराने हर्न निवर्तले. मागे पत्नी, तीन मुलगे व एक मुलगी राहिली.

आईविना वाढलेल्या या पुरुषाने आपल्या मुलांवर तशी वेळ येऊ नये म्हणून जन्माचे नाव व नागरिकत्व दोन्ही सोडले. त्याची किंमतही निमूटपणे मोजली. मात्सुए येथील त्यांचे राहते घर आजही जपून ठेविले आहे. परक्या घरी शिकविण्यास जाणाऱ्याने प्रथम तेथे शिकावयास बसावे, हा धडा आम्ही या चरित्रातून घेतला; आमच्या तरुण वाचकांनीही तो घ्यावा, एवढीच विनंती.