ताकी रेन्तारो : सागरसंध्येचा स्वरकार

ग्रीष्मातील दीर्घ दिवस मावळतीस आला, वाळूतील धग ओसरू लागली आणि समुद्रावरून गार वारा वाहू लागला म्हणजे मनुष्याच्या ओठांवर आपोआप गाणे येते. समुद्राचा शेजार लाभलेल्या सर्वच लोकांचा हा अनुभव असावा. चोहोंकडून सागराने वेढलेल्या जपान देशात अशा सांजवेळेसाठीच रचलेले एक गीत आहे. त्याचे नाव ‘नोऱ्यो’. उन्हाने तापलेल्या जिवाने संध्याकाळचा गारवा अनुभवावा, असा या शब्दाचा अर्थ. दिवसभराच्या उष्म्याची आठवण जणू पेटलेल्या ढगांत उरली आहे आणि सूर्यबिंब लाटांत उतरत आहे, असे चित्र त्यात रंगविले आहे. शब्द कवी हिगाशी कुमे यांचे. स्वर ताकी रेन्तारो यांचे. हे गीत १९०० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा स्वरकाराचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर तीन वर्षेही हा तरुण जगला नाही. तथापि त्याने दिलेल्या स्वरांवाचून जपानी शाळांतील गायनाचा इतिहास पुरा होत नाही.

रेन्तारोचा जन्म २४ ऑगस्ट १८७९ रोजी टोकियो येथे झाला. ताकी घराणे हे क्यूशू बेटावरील हिजी संस्थानच्या कारभाऱ्यांचे. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर संस्थाने विलीन झाली आणि रेन्तारोचे वडील नव्या सरकारच्या गृहखात्यात अधिकारी झाले. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे बालपण योकोहामा, तोयामा, ताकेता अशा निरनिराळ्या गावी गेले. यांपैकी ताकेता हे डोंगरांनी वेढलेले लहानसे गाव. त्याच्या माथ्यावर ओका नावाच्या किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. वाडे नाहीसे झालेले, उरले होते ते केवळ उंच दगडी तट आणि त्यांवर पडणारे चांदणे. हा किल्ला त्या मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला.

पंधराव्या वर्षी, म्हणजे १८९४ साली, रेन्तारोने टोकियोच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळविला. सरकारी अधिकाऱ्याच्या मुलाने संगीताला वाहून घ्यावे, ही त्या काळी सर्वसामान्य गोष्ट नव्हती. १८९८ साली तो पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला आणि पुढील अभ्यासासाठी त्याच विद्यालयात राहिला. पियानो हे त्याचे आवडते वाद्य. पुढे १९०० साली त्याने पियानोसाठी लिहिलेली ‘मेन्युएट’ ही छोटी रचना जपानी माणसाने त्या वाद्यासाठी केलेली पहिली रचना मानली जाते.

त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या वेळच्या जपानी शाळांत काय गायले जाई, हे पाहिले पाहिजे. नव्या सरकारने शाळांत गायन हा विषय आणला आणि १८८१ पासून त्यासाठी गीतांची पुस्तके निघू लागली. परंतु त्यांतील बऱ्याचशा चाली स्कॉटलंड, जर्मनी, आयर्लंड अशा देशांतून आणलेल्या असत. परकी चाल घ्यावयाची, तिची मात्रा मोजावयाची आणि तेवढ्या मापाचे जपानी शब्द तीत बसवावयाचे, अशी ही रीत होती. काही गीते गोड झाली, नाही असे नाही. पण प्रत्येक भाषेतील शब्दांना स्वतःचा असा चढउतार असतो. जपानी भाषेत तर स्वराच्या उंचसखलपणाने शब्दाचा अर्थसुद्धा बदलू शकतो. शब्द चढत असता चाल उतरू लागली, की गाणे तोंडाने म्हटले जाते, मनाने म्हटले जात नाही.

ताकींना ही उणीव जाणवली. १९०० साली त्यांनी ‘शिकी’ म्हणजे ‘चार ऋतू’ हा गीतसंग्रह प्रसिद्ध केला. आपल्या शाळांतील गाणी परक्या चालींवर अवलंबून आहेत, म्हणून आपल्या परीने मूळ जपानी शब्दांना नवे स्वर देण्याचा हा प्रयत्न आहे, अशी नम्र भूमिका त्यांनी प्रस्तावनेत मांडली. संग्रहात चार गीते आहेत. वसंताचे ‘हाना’, ग्रीष्माचे ‘नोऱ्यो’, शरदाचे ‘त्सुकी’ आणि हिवाळ्याचे ‘युकी’. अर्थात फूल, संध्याकाळचा गारवा, चंद्र आणि हिम. सुमिदा नदीवरील नावा आणि तीरावरचा चेरीचा बहर वर्णिणारे ‘हाना’ आजही जपानमध्ये घरोघर ठाऊक आहे. पाश्चात्य स्वरमेळाचे शास्त्र ताकींनी टाकून दिले नाही. ते पूर्णपणे आत्मसात करून त्यांनी ते आपल्या भाषेच्या सेवेस लावले.

पुढील वर्षी, १९०१ मध्ये, माध्यमिक शाळांसाठी निघालेल्या गीतसंग्रहात त्यांच्या तीन रचना निवडल्या गेल्या. त्यांपैकी ‘कोजो नो त्सुकी’, म्हणजे ‘पडक्या किल्ल्यावरील चंद्र’, ही अजरामर झाली. शब्द दोई बान्सुई या कवीचे. एके काळी जेथे वसंतोत्सवाच्या मैफली झडल्या आणि योद्ध्यांची शस्त्रे झळाळली, तेथे आता वेली माजल्या आहेत. चंद्र मात्र तोच आहे, असा त्याचा आशय. कवीच्या मनात ईशान्येकडील सेन्दाई व आइझु येथील किल्ले होते. स्वरकाराच्या मनात दक्षिणेकडील ओका किल्ला होता. दोन निरनिराळ्या किल्ल्यांच्या आठवणी एका गीतात मिळून गेल्या. त्याच वर्षी बालवाडीतील मुलांसाठीही ताकींनी गाणी रचली. जड ग्रंथिक भाषा सोडून मुलांच्या नित्याच्या बोलीतील शब्द त्यांत योजले होते. नववर्षाची वाट पाहणारे ‘ओशोगात्सु’ हे त्यांपैकीच एक. लहानांच्या गाण्यासाठी थोरांनी आपली बुद्धी खर्च करावी, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

सरकारने त्यांना उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठविण्याचे ठरविले होते. एप्रिल १९०१ मध्ये योकोहामाहून ‘वाकासा मारू’ या बोटीने ते निघाले. मेंडेलसोनने १८४३ साली स्थापन केलेल्या लाइप्झिगच्या संगीत विद्यालयात ऑक्टोबरात त्यांना प्रवेश मिळाला. परंतु दैव आड आले. जेमतेम दोन महिने शिक्षण झाले असेल नसेल, तोच ते अंथरुणाला खिळले. रोग क्षयाचा होता आणि त्या काळी त्यावर औषध नव्हते. १९०२ साली, अभ्यास अर्धवट टाकून, त्यांना परतीची बोट धरावी लागली. ही बोट लंडनजवळ टिलबरी येथे थांबली असता तेथे राहत असलेले कवी दोई बान्सुई त्यांना भेटावयास आले. ज्यांच्या शब्दस्वरांची गाठ वर्षापूर्वीच पडली होती, ते दोघे परदेशी बंदरात समोरासमोर आले. एक उमेदीने युरोप पाहण्यास निघालेला, दुसरा व्याधी घेऊन घरी परतणारा.

मायदेशी आल्यावर ताकी ओइता येथे आईवडिलांजवळ राहिले. तेथे फेब्रुवारी १९०३ मध्ये त्यांनी पियानोसाठी शेवटची रचना पुरी केली. तिचे नाव ‘उरामी’. मनात राहून गेलेल्या अपुऱ्या इच्छेची हुरहूर, असा या नावाचा भाव आहे. स्वर वेगाने खाली कोसळत येतात आणि एका खर्जातील आघाताने रचना थांबते. २९ जून १९०३ रोजी, चोविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले. संसर्गाच्या भीतीने त्यांची बरीच हस्तलिखिते जाळून टाकण्यात आली, असे सांगतात. त्या राखेत किती गीते गेली, कोण जाणे!

जे उरले ते मात्र लोकांनी जपले. १९१७ साली यामादा कोसाकू या संगीतकाराने ‘कोजो नो त्सुकी’स पियानोची साथ जोडली, लय संथ केली आणि एका स्वराचे तीव्रत्व काढले. मूळ आणि बदललेली अशी दोन्ही रूपे आज गायली जातात. अमेरिकेतील जॅझवादक थेलोनियस मंक यांनीही ही चाल ध्वनिमुद्रित केली. ओका किल्ल्यावर ताकींचा पुतळा आहे. तो घडविणारे शिल्पकार आसाकुरा फुमिओ हे ताकेताच्या शाळेत त्यांच्या मागून शिकलेले होते. ताकेताच्या स्थानकात गाडी शिरताना प्रवाशांना त्याच गीताचे स्वर ऐकू येतात.

विद्यार्थी मित्रांनो, परक्यांकडून विद्या घेण्यात कमीपणा नाही. ताकी तर ती घेण्यासाठी सागर ओलांडून गेले. पण घेतलेल्या विद्येने आपल्या भाषेचा शब्द अधिक सुंदर कसा होईल, याचा ध्यास त्यांनी कधी सोडला नाही. मे महिन्याच्या सुटीत किनाऱ्यावर जाल, तेव्हा हे ‘नोऱ्यो’ मिळवून अवश्य ऐका. भाषा कळली नाही तरी मावळता सूर्य, शांत पाणी आणि गार वारा ही तिन्ही ओळखीची वाटतील.