मोफत शिक्षणाचा हिशेब मांडणारा राजा

विद्यापीठीय शिक्षण सर्वांना मोफत असावे की ज्याची ऐपत आहे त्याने शुल्क भरावे, हा वाद दर प्रवेशाच्या हंगामात नव्याने उभा राहतो. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांना या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानातून नव्हे, तर तिजोरीतून द्यावे लागले. त्यामुळे त्यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये ब्रिटिशांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतले. बाराव्या वर्षी गादीवर बसलेल्या या मुलाला तोवर अक्षरओळखही नव्हती. पुढील सहा वर्षांत एफ. ए. एच. इलियट यांच्यासारखे शिक्षक आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला. दत्तकविधान झाले नसते तर आपणही निरक्षर शेतकरी राहिलो असतो, ही वस्तुस्थिती त्यांच्या पुढील धोरणाच्या मुळाशी आहे, असे मानायला जागा आहे.

बडोदा कॉलेज १८८१ पासून उभे होते. मोफत शिक्षणाचा प्रारंभ मात्र महाराजांनी कॉलेजपासून केला नाही. अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी कारकीर्दीच्या आरंभीच राज्याच्या खर्चाने शाळा काढल्या. तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली भागात मोजक्या गावांपुरता सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मूल शाळेत गेले की शेतातले व गुरांमागचे दोन हात कमी होतात, ही पालकांची अडचण खरी होती. तरी गैरहजेरीबद्दल दंडाची तरतूद झाली. १९०६ मध्ये ही सक्ती सर्व राज्याला लागू झाली आणि तीत मुलीही होत्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असा कायदा मागितला, तेव्हा बडोद्याचे उदाहरण समोर होते. गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. जे एका संस्थानाला परवडले, ते साम्राज्याला परवडू नये, यातला विरोधाभास तेव्हाही झाकला गेला नाही.

उच्च शिक्षणाबाबत महाराजांचा मार्ग वेगळा होता. ते त्यांनी सरसकट मोफत केले नाही. हुन्नर आणि तंत्रशिक्षणासाठी १८९० मध्ये त्यांनी कलाभवन उघडले आणि गुणवंत पण निर्धन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंदे यांना पुण्यातील महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याचेच साहाय्य मिळाले. भीमराव आंबेडकर यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या शब्दामुळे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. अट एकच: परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. राज्याने खर्च करावा आणि विद्यार्थ्याने सेवेने फेडावे, असा हा सरळ व्यवहार होता.

हा व्यवहार मोडला तो १९१७ मध्ये, आणि मोडला तो पैशाच्या बाजूने नव्हे. करारानुसार आंबेडकर बडोद्यात रुजू झाले. कोलंबियाची पदवी असलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी वसतिगृहात उतरले; ती उघडकीस आल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. काही तास कमाठी बागेत काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. महाराजांची सदिच्छा खरी होती, हुकूमही चालत होता. पण तो शहराच्या मनापर्यंत पोहोचला नाही. दहा वर्षांच्या सेवेची अट अपुरी राहिली. त्या साडेअकरा पौंडांची परतफेड साऱ्या देशाला राज्यघटनेच्या रूपाने मिळाली. शिक्षणावरचा खर्च कोणत्या वहीत जमा होतो, हे आधी सांगता येत नाही, ते असे.

१९३६ मध्ये राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात महाराजांनी लोककल्याणासाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बडोद्यात स्वतंत्र विद्यापीठ असावे, ही त्यांची इच्छा नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात, ३० एप्रिल १९४९ रोजी पूर्ण झाली. आज ते महाराजांच्याच नावाने चालते.

या चरित्रातून आजच्या वादाला काय मिळते? पहिली गोष्ट क्रमाची. ज्या राज्यात मूल चौथी-पाचवीतच गळते, तेथे विद्यापीठ मोफत केल्याचा लाभ आधीच वर पोहोचलेल्यांना होतो. म्हणून महाराजांनी पाया आधी भरला. दुसरी गोष्ट मर्यादेची. त्यांची शिष्यवृत्ती हा हक्क नव्हता, ती राजाची मर्जी होती. केळुसकरांसारखा शब्द टाकणारा माणूस ज्याला लाभला नाही, त्याची नोंद इतिहासात नाही. लोकशाहीत हे चालण्यासारखे नाही. गरजवंत विद्यार्थ्याला शुल्कमाफी अर्ज-विनवणीशिवाय, नियमाने मिळाली पाहिजे. मग ऐपत असलेल्याने शुल्क भरले तरी कोणाचे नुकसान नाही. आणि तिसरी गोष्ट बडोद्याच्या त्या पारशी वसतिगृहाची. शुल्क माफ झाले, पण राहायला खोली, जेवायला पंगत आणि वर्गात मान मिळाला नाही, तर मोफत शिक्षण कागदावरच मोफत राहते. महाराजांच्या तिजोरीने जे साधले त्याचा अभिमान बाळगताना, त्यांच्या शहराकडून जे राहून गेले त्याचीही आठवण आपल्या महाविद्यालयांनी ठेवावी.