गिटार न वाजविणारा गिटारकार

इलेक्ट्रिक गिटार घेतल्यावर काही महिन्यांतच अनेकांना एक विचित्र अनुभव येतो. मोकळ्या तारा अचूक सुरात लागलेल्या असतात, पण बोटे वरच्या पडद्यांकडे सरकली की वाद्य बेसूर वाटू लागते. हा दोष कारागिराकडे न जाता घरच्या घरी साध्या स्क्रू ड्रायव्हरने दूर करता येतो, याचे बरेचसे श्रेय लिओ फेंडर यांना द्यावे लागते. मौजेची गोष्ट अशी की, फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात फुलरटनजवळ झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. बालपणीच गाठीमुळे लिओ यांनी एक डोळा गमावला. पियानो आणि सॅक्सोफोनचे थोडे शिक्षण झाले. जीव मात्र जडला तो रेडिओवर. शिक्षण हिशेबाचे घेतले, पण मंदीच्या काळात नोकरी गेली आणि १९३८ मध्ये सहाशे डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलरटन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. तेथे वादक आपले बिघडलेले अॅम्प्लिफायर आणि गिटारी घेऊन येत. वाद्य कोठे मोडते, कोठे अडते आणि उघडायला किती त्रास देते, हे फेंडर यांना या दुकानानेच शिकविले. पुढचे सारे काम त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याच्याच नजरेने केले, असे म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

१९५० मध्ये त्यांच्या कंपनीने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिचेच नाव पुढे टेलिकास्टर झाले. पारंपरिक गिटारीची दांडी खोडाला सरसाने चिकटविलेली असे. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसविली. खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा, इतका हा सरळ हिशेब. अर्थात त्यांचा प्रत्येक अंदाज बरोबर ठरला नाही. मेपलच्या कणखर दांडीला आतून लोखंडी सळईचा आधार नको, असे त्यांचे मत होते. पण तारांच्या ताणाने दांड्या वाकू लागल्या. विक्रीची बाजू सांभाळणारे डॉन रँडल यांनी आग्रह धरला आणि त्याच वर्षी सळई आली. ही सळई आवळली की ताणाने वाकलेली दांडी सरळ होते. सुरुवातीच्या फेंडर गिटारींत मात्र तिचे टोक खोडाच्या बाजूला असल्याने त्यासाठी आधी दांडीचे स्क्रू सैल करावे लागत.

खरी अडचण घोडीची होती. फेंडर यांच्या गिटारीत तारेची लांबी साडेपंचवीस इंच. बारावा पडदा तिच्या बरोबर मध्यावर. तेथे तार दाबली की मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळायला हवा. पण दाबताना तार किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. जाड तारांत हा फरक अधिक. म्हणून प्रत्येक तारेची लांबी थोडी निरनिराळी वाढवावी लागते. टेलिकास्टरला सहा तारांसाठी तीनच आधार होते. एक तार जुळविली की जोडीची बिघडे. बिल कार्सन यांच्यासारखे वादक याबद्दल तक्रार करीत आणि फेंडर ती मनापासून ऐकत. स्वतः वादक नसल्यामुळेच त्यांना वादकांचा शब्द प्रमाण वाटत असावा. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार मिळाला, पुढेमागे आणि वरखाली सरकणारा. त्याच सुमारास प्रतिस्पर्धी गिब्सन कंपनीनेही प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळविणारी घोडी आणली, हेही नमूद केले पाहिजे.

आजही गिटार जुळविण्याचा क्रम याच रचनेवर चालतो. आधी तारा सुरात लावायच्या, मग दांडीचा बाक पाहायचा. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरला असता सातव्या पडद्यापाशी पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पुरते. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. येथे घाई महागात पडते. त्यानंतर तारांची उंची आणि सर्वांत शेवटी लांबी. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर चढा आला तर आधार मागे, उतरता आला तर पुढे. डावखुरे जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारा उलट क्रमाने लावीत. असा फेरबदलही सहा सुट्या आधारांमुळे जुळवून घेता येतो.

प्रदीर्घ आजारपणाला कंटाळून फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचाराने ते बरे झाले, आणि स्वतःच्याच नावाच्या कंपनीशी स्पर्धा करण्याची वेळ त्यांच्यावर आली. आधी म्युझिक मॅन, नंतर जुने सहकारी जॉर्ज फुलरटन यांच्यासह जी अँड एल या कंपन्यांसाठी त्यांनी नव्या गिटारी घडविल्या. पार्किन्सनने गाठल्यानंतरही घोडी आणि पिकअपमधील सुधारणा थांबल्या नाहीत. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवसापर्यंत ते कामावर जात होते.