वक्ररेषेला त्रिकोणांनी जिंकणारा आर्किमिडीज

आर्किमिडीज म्हटले की न्हाणीघरातून आनंदाने धावत सुटलेला विद्वान डोळ्यांसमोर उभा राहतो. ती कथा रोमन लेखक विट्रुव्हिअस याने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहून ठेवली. ती खरी असो वा नसो, त्याचे खरे मोठेपण वेगळ्याच कामात आहे. वक्ररेषेने वेढलेली जागा नेमकी किती, या प्रश्नाचा त्याने चिकाटीने पाठपुरावा केला.

सिसिली बेटावरील सिराक्यूज या ग्रीक नगरराज्यात इसवी सन पूर्व २८७ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. अलेक्झांड्रियातील कोनॉन, इरॅटोस्थेनीस आदी विद्वानांशी त्याचा स्नेह होता आणि आपले सिद्धांत तो त्यांना पत्रांतून कळवीत असे.

आज बारावीच्या विद्यार्थ्याला आलेखावरून निश्चित समाकल काढण्यास सांगितले जाते. आलेख सरळ रेषांचा असेल तर सूत्राचीही गरज पडत नाही. रेषेखालची जागा आयत, त्रिकोण वा समलंब चौकोनांत विभागायची, अक्षाच्या वरची क्षेत्रफळे अधिक व खालची उणे धरून बेरीज करायची, की उत्तर हाती येते. खरी अडचण येते ती रेषा वळू लागल्यावर.

या अडचणीवर आर्किमिडीजने मात केली. पाया २ आणि उंची १ असलेली अन्वस्ताची कमान घेऊ. तिच्यात बसणाऱ्या मोठ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ १ भरते. त्याच्या दोन्ही अंगांना उरलेल्या जागेत आणखी दोन त्रिकोण बसविले तर त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ बरोबर १/४ येते. पुढच्या चार त्रिकोणांचे १/१६, त्यापुढच्या आठांचे १/६४. दर खेपेस आधीच्या भरीचा चौथा हिस्सा! ही बेरीज ४/३ च्या कितीही जवळ नेता येते. मात्र अनंत बेरजेवर विसंबणे त्याला मान्य नव्हते. क्षेत्रफळ ४/३ पेक्षा जास्तही असू शकत नाही आणि कमीही, असे त्याने स्वतंत्रपणे सिद्ध केले. वर्तुळासाठी त्याने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृतींचा आधार घेतला आणि पायची किंमत ३ पूर्णांक १०/७१ ते ३ पूर्णांक १/७ यांच्या दरम्यान आणून ठेवली.

मात्र ही उत्तरे त्याला आधी सुचली कशी? त्याचे रहस्य त्याने इरॅटोस्थेनीसला पाठविलेल्या एका ग्रंथात उलगडले होते. आकृतीचे अगणित पातळ काप कल्पून तो ते तरफेवर तोलून पाही आणि मगच भूमितीने सिद्धता देई. पुढच्या पिढ्यांना या मार्गाने नवे सिद्धांत सापडावेत, ही त्याची आशा होती.

ती आशा फळास येण्याआधीच काळ आडवा आला. इसवी सन पूर्व २१२ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर रोमन सेनापती मार्सेलस याने सिराक्यूज जिंकले आणि त्या धामधुमीत एका सैनिकाने वृद्ध आर्किमिडीजला ठार केले. त्याच्या इच्छेनुसार समाधीवर गोल व वृत्तचिती कोरण्यात आली होती. तंतोतंत बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोनतृतीयांश गोल असतो, हा सिद्धांत त्याला विशेष प्रिय होता. इसवी सन पूर्व ७५ मध्ये सिसेरोने ही समाधी शोधली, तेव्हा ती काटेरी झुडपांत लपली होती.

ग्रंथाच्याही नशिबी तेच आले. दहाव्या शतकातील त्याची प्रत तेराव्या शतकात खरवडून त्याच चर्मपत्रांवर प्रार्थना लिहिण्यात आल्या. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग याला कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या अक्षरांखालची पुसट अक्षरे दिसली. ती पोथी पुन्हा बेपत्ता झाली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती २० लाख डॉलरना विकली गेली आणि त्यानंतर बाल्टिमोरमध्ये आधुनिक प्रकाशचित्रणाने तिचे वाचन झाले.

दरम्यान न्यूटन व लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्र उभारले होते, तेही हा ग्रंथ न पाहता. तो हाती असता तर गणिताची वाट किती लवकर मोकळी झाली असती, हे कोण सांगणार? आलेखाखालची जागा त्रिकोणांत विभागणारा विद्यार्थी मात्र नकळत त्याच वाटेवर पहिले पाऊल टाकत असतो.