राजाच्या पदरी राहून राजघराण्यांचा खरा इतिहास लिहिणारा माणूस : रियासतकार सरदेसाई

आजकाल मोबाईल उघडला की सकाळी सकाळी एखादा तरी इतिहासाचा मेसेज येऊन पडलेला असतो. अमुक घराणं तमुक राजाचं वंशज, अमुक लढाई आमच्याच पूर्वजांनी मारली, अमुक सरदार फितूर होता. खाली ना तारीख, ना कुठल्या कागदाचा पत्ता. त्यावरून गावागावांत ग्रुपवर वाद पेटतात, सख्खे शेजारी बोलायचे बंद होतात. अशा वेळी एका माणसाची आठवण काढावीशी वाटते. त्यांनी उभं आयुष्य राजे, पेशवे आणि सरदार घराण्यांचा इतिहास लिहिण्यात घालवलं. स्वतः एका मोठ्या राजाच्या नोकरीत होते, पण कागद दाखवल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त सोडली नाही. त्यांचं नाव गोविंद सखाराम सरदेसाई. रियासतकार सरदेसाई म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

कोकणातल्या खेड्यातून बडोद्याच्या राजवाड्यात

सरदेसाईंचा जन्म १७ मे १८६५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. घर साधंच होतं. शाळेसाठी गाव सोडावं लागलं. रत्नागिरीला हायस्कूल, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं करत १८८८ साली ते बी.ए. झाले. त्या काळात कोकणातल्या खेड्यातल्या पोरानं बी.ए. होणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

१८८९ साली त्यांना बडोदा संस्थानात नोकरी मिळाली. तिथं गादीवर सयाजीराव गायकवाड होते. सयाजीरावांची गोष्ट आपल्या लोकांना माहीत आहे. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कौळाणे गावचे, शेतकऱ्याचं पोर. १८७५ साली दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले. पुढं १९०६ साली त्यांनी आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अशा राजाकडं सरदेसाईंचं काम काय, तर महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि राजघराण्यातल्या मुलांना शिकवायचं. खासगी खात्यातली इतर कामंही असायची. महाराजांबरोबर विलायतेचे प्रवासही झाले.

महाराजांना वाचनाचा नाद होता. सरदेसाईंनी मॅकियाव्हेली नावाच्या इटलीच्या लेखकाचं राजकारणावरचं गाजलेलं पुस्तक मराठीत आणलं. राजानं सत्ता कशी मिळवावी आणि कशी टिकवावी, हे त्यात उघड उघड सांगितलेलं आहे. सिली या इंग्रज लेखकाचं इंग्रजांच्या साम्राज्याच्या वाढीवरचं पुस्तकही त्यांनी मराठीत केलं. म्हणजे तरुण वयातच सत्ता चालते कशी हे त्यांनी पुस्तकातून वाचलं, आणि तीच सत्ता राजवाड्यात रोज डोळ्यांनी बघितली. राजाची मर्जी, दरबारातली चढाओढ, वर बसलेल्या इंग्रज रेसिडेंटचा धाक, हे सगळं त्यांच्या समोरच चाललेलं होतं. पुढं पेशव्यांच्या आणि सरदारांच्या घरातली भांडणं लिहिताना हा अनुभव त्यांच्या कामी आला असणार.

शिकवायला पुस्तकच नाही, मग लिहायचं

राजपुत्रांना आपल्या देशाचा इतिहास शिकवायचा म्हटलं तर मराठीत नीट पुस्तकच नव्हतं. मराठ्यांचा सलग इतिहास म्हणून जे होतं, ते ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२६ साली इंग्रजीत लिहिलेलं. आपल्याकडं होत्या त्या बखरी. बखरी वाचायला रंगतदार, पण पुष्कळशा घटना घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या, आणि काही तर कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेल्या. सरदेसाई शिकवण्यासाठी टिपणं काढायला लागले. टिपणं वाढत गेली आणि त्यांचं पुस्तक झालं. १८९८ साली मुसलमानी रियासत छापून आली. १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग निघायला लागले. पुढं ब्रिटिश रियासतही झाली. रियासत म्हणजे राज्य, राजवट. याच पुस्तकांवरून त्यांना रियासतकार हे नाव पडलं.

हे सगळं काम नोकरी सांभाळून चाललं होतं. दिवसा राजवाड्याची चाकरी आणि उरलेल्या वेळात लेखन. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबायचं आणि सांज-सकाळ आपल्या रानात पाणी धरायचं, तसलाच हा प्रकार.

त्या वेळी महाराष्ट्रात जुने कागद शोधायची एक लाटच आली होती. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत होते. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांची पत्रं छापत होते. साताऱ्याचे पारसनीस कागद आणि चित्रं जमवत होते. या मंडळींनी कागद बाहेर काढले, आणि सरदेसाईंनी ते सगळे वाचून, तारखा जुळवून, सामान्य माणसाला कळेल अशी सलग गोष्ट लावली. नवे कागद मिळाले की आधीचं लिखाण दुरुस्त करायचं, अशी त्यांची रीत होती. आपण एकदा छापलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ, असं त्यांनी मानलं नाही.

आणि त्यांनी नुसते विजयच लिहिले नाहीत. अटकेपर्यंतची धाव लिहिली तसं १४ जानेवारी १७६१ चं पानिपतही लिहिलं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो घरातल्या भाऊबंदकीतूनच. तेही त्यांनी झाकून ठेवलं नाही. गादीसाठी चुलता पुतण्याच्या जिवावर कसा उठतो, कर्जानं बुडालेले सरदार सावकाराच्या हातात कसे जातात, हे त्यात आहे. कुणाला मोठं करायचं म्हणून त्यांनी लिहिलं नाही.

कामशेतचं घर

१९२५ साली सरदेसाईंनी बडोद्याची नोकरी सोडली. छत्तीस वर्षांवर चाकरी झाली होती. संसारात दुःख मोठं होतं. दोन्ही मुलं तरुणपणीच गेली. त्यातला श्यामकांत रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात शिकलेला होता. त्याची पत्रं पुढं पुस्तकरूपानं निघाली. हातातोंडाशी आलेली पोरं गेल्यावर माणूस खचून जातो. सरदेसाई मात्र पुण्याजवळ मावळात, कामशेतला इंद्रायणीकाठी येऊन राहिले आणि पुन्हा कागदांत बुडाले. वय साठ होतं. आपल्याकडं साठीला माणूस पारावर बसायला मोकळा होतो. सरदेसाईंचं सगळ्यात मोठं काम इथून पुढंच झालं.

कुलुपातलं दप्तर

हे काम समजून घ्यायचं तर पेशवे दप्तर म्हणजे काय हे आधी बघावं लागेल. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी पेशव्यांचे कागद ताब्यात घेतले. हजारो रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात राजकारणाची पत्रं होती, पण त्याहून कितीतरी जास्त होते गावांचे ताळेबंद, वसुलाचे हिशोब, इनामाच्या आणि वतनांच्या सनदा.

इंग्रजांनी हे सगळं जपलं ते काही इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. कुणाची जमीन खरोखर इनामाची आणि कुणाची नाही, हे ठरवायला त्यांना हे कागद लागत होते. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला जोर आला आणि जुन्या सनदांची तपासणी सुरू झाली. ज्याला पुरावा दाखवता आला नाही, त्याचं इनाम सरकारजमा झालं. अनेक घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत अशी गेली. ज्याच्या हातात कागद त्याच्या हातात सत्ता, हे तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच हे दप्तर पुण्यात इनाम खात्याच्या इमारतीत होतं आणि इतिहासाच्या अभ्यासकाला आत शिरणं मुश्कील होतं. आपल्याच पूर्वजांचे कागद आपल्याला बघायला मिळत नाहीत म्हणून पुण्याचे अभ्यासक वर्षानुवर्षं ओरड करत होते.

शेवटी सरकार तयार झालं आणि १९२९ च्या सुमारास दप्तरातले महत्त्वाचे कागद निवडून छापायचं काम सरदेसाईंकडं आलं. त्यासाठी जदुनाथ सरकार यांनी जोर लावला होता. जदुनाथ हे बंगाली, औरंगजेबाचा इतिहास लिहिणारे नामांकित इतिहासकार. त्यांना फारसी कागदांची जाण, सरदेसाईंना मोडी आणि मराठी कागदांची. १९०४ पासून दोघांचा पत्रव्यवहार होता, आणि ही दोस्ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. एकमेकांचं लिखाण तपासायचं, किल्ले आणि लढायांच्या जागा पायाखाली घालायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता. जदुनाथ कामशेतला येऊन राहायचे. एक कोकणातला, एक बंगालचा, पण पुरावा काय आहे या प्रश्नावर दोघांचं एकमत.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अभ्यासकांना वाटलं की दप्तर उघडावं म्हणून आम्ही झगडलो आणि काम मात्र दुसऱ्याच्या हाती गेलं. त्यांचा रागही अगदीच बिनबुडाचा नव्हता. वर्तमानपत्रांतून टीका झाली. सरदेसाईंनी उत्तराला उत्तर देण्यात वेळ घालवण्यापेक्षा मोजके सहायक हाताशी धरून रुमाल सोडायला घेतले. धूळ, कसर, फाटके कागद, त्यावर बारीक मोडी अक्षर, आणि बऱ्याच पत्रांवर पूर्ण तारीखसुद्धा नाही. अशा कागदांतून निवड करून चार-पाच वर्षांत पेशवे दप्तराचे ४५ खंड छापून निघाले. पानिपतच्या पत्रांचा स्वतंत्र खंड झाला. ज्या लढाईबद्दल लोकांनी बखरीतून ऐकलं होतं, तिच्याबद्दल त्या दिवसांत लिहिलेली पत्रं आता कुणालाही वाचता यायला लागली.

त्यानंतर जदुनाथांबरोबर पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापायचं मोठं काम झालं. ऐंशी वर्षांचे झाल्यावर त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ या काळात निघाला. म्हणजे देश स्वतंत्र होत होता, राजेरजवाडे विलीन व्हायला निघाले होते, आणि ज्यानं संस्थानाचं मीठ खाल्लं होतं तो म्हातारा कामशेतला बसून मराठ्यांचं राज्य का वाढलं आणि का बुडालं हे लिहीत होता. १९४९ साली बडोदा संस्थानही विलीन झालं. १९५७ साली भारत सरकारनं सरदेसाईंना पद्मभूषण दिलं. १९५८ साली जदुनाथ गेले, आणि २९ नोव्हेंबर १९५९ ला, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन सरदेसाईही गेले.

जे राहिलं ते

सरदेसाईंच्या कामात उणं काहीच नाही असं म्हणणं त्यांनाही आवडलं नसतं. रियासतीत छत्रपती, पेशवे, सरदार, लढाया, तह हे भरपूर आहे. नांगर धरणारा कुणबी, बलुतेदार, दुष्काळात गाव सोडून गेलेली कुटुंबं, सारा भरताना मेटाकुटीला आलेला पाटील, हे त्या मानानं थोडं आहे. पण या लोकांचे कागद त्याच दप्तरात गावाच्या हिशोबांत पडलेले आहेत. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतून शेतीचा, साऱ्याचा, वतनांचा इतिहास काढला आणि अजून काढतायत. मोडी वाचणारी माणसं कमी, म्हणून बरंच काम तसंच पडून आहे.

आपल्या तालुक्यातही पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या, देशमुखाच्या जुन्या वाड्यांत असे गठ्ठे होते. काही वाळवीनं खाल्ले, काही वाडा पाडताना उकिरड्यावर गेले, काही दिवाळीच्या साफसफाईत जाळले गेले. काही अजून असतील. ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात. ते फक्त आपल्या घराण्याचे नाहीत. त्यात गावातल्या कुणाकुणाच्या जमिनीचा, विहिरीचा, हक्काचा उल्लेख निघू शकतो. तेव्हा मोडी कागद सापडला तर फेकू नका, जाळू नका, आणि मूळ कागद कुणा अनोळख्या माणसाच्या हाती देऊ नका. आधी मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. ठिकठिकाणी मोडीचे वर्ग भरतात. गावातली दोन-चार शिकलेली पोरं-पोरी शिकली तर बाहेरून माणूस शोधायची पाळी येणार नाही.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर एखाद्या घराण्याच्या मोठेपणाचा किंवा फितुरीचा मेसेज आला, तर पुढं ढकलण्याआधी एवढंच विचारा, की हे कुठल्या कागदात आहे, तो कधी लिहिला आणि कुणी लिहिला. कामशेतच्या त्या म्हाताऱ्यानं जन्मभर हेच विचारलं. उत्तर आलं नाही तर मेसेज तिथंच थांबवा, शेजाऱ्याशी भांडण्याइतकं त्यात काही नाही.