सत्तर खोकी आणि एक पियानो

भगिनींनो, आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि भरल्या संसाराचे दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत बिऱ्हाड हलवायची वेळ आली. माळ्यावरून सामान उतरू लागले तेव्हा, हे सारे आपणच साठवले यावर माझा विश्वास बसेना. सासूबाईंचा तांब्याचा बंब, पितळेचे डबे, मुलांच्या जुन्या वह्या, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली माझी पेटी. बारा वर्षांत तिला हात लागला नव्हता. पहिली तीच कोणाला तरी देऊन टाकावी, असे मी ठरवले. त्या रात्री मात्र झोप लागेना, आणि शाळेत बाईंनी सांगितलेले डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर आठवले. पुढे मोठेपणी मी त्यांचे आत्मचरित्रही वाचले होते. त्यांनाही एकदा असेच घर आवरावे लागले होते. पण ते जायचे होते आफ्रिकेच्या अरण्यात.

श्वाइट्झर 14 जानेवारी 1875 रोजी आल्सास प्रांतात जन्मले. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता, आज फ्रान्समध्ये आहे. वडील ग्युन्सबाख या खेड्यात धर्मोपदेशक होते. आपल्याला एवढे सुख मिळते आणि इतरांना का नाही, हा प्रश्न या मुलाला लहानपणापासून टोचत असे. एकविसाव्या वर्षी त्यांनी मनाशी ठरवून टाकले, की तिशीपर्यंत विद्या आणि संगीत यांत रमायचे आणि पुढचे आयुष्य माणसांच्या प्रत्यक्ष सेवेला द्यायचे. असे संकल्प आपण सगळ्याच करतो. त्यांनी तो पाळला.

तिशीपर्यंत ते स्ट्रासबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवू लागले, तेथील धर्मविद्यालयाचे प्रमुख झाले, बाखवर ग्रंथ लिहिला, आणि ऑर्गनवादक म्हणून पॅरिसपर्यंत नाव झाले. 1904 मध्ये पॅरिसच्या मिशनचे एक मासिक त्यांच्या हाती आले. गॅबनमध्ये काम करायला माणसे मिळत नाहीत, असे त्यात लिहिले होते. ते वाचून झाले आणि त्यांचा शोध संपला. 13 ऑक्टोबर 1905 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आईवडिलांना आणि मित्रांना लिहिलेली पत्रे पेटीत टाकली. आपण आता वैद्यकी शिकणार आणि डॉक्टर होऊन आफ्रिकेत जाणार, एवढीच बातमी त्यांत होती. आप्तमित्रांनी अक्षरशः डोक्याला हात लावला. तिसाव्या वर्षी प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसायचे म्हणजे काय! पण शब्दांनी बोलणे पुष्कळ झाले, आता हातांनी बोलायचे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

अभ्यासाला सात वर्षे लागली. हेलेन ब्रेसलाऊ ही प्राध्यापकाची मुलगी. अनाथ मुलांची देखरेख करण्याचे काम तिने शहरात केले होते. ती परिचारिकेचे शिक्षण घेऊन तयार झाली, आणि जून 1912 मध्ये दोघांचे लग्न झाले. मग सुरू झाली आवराआवर. विद्यापीठातली जागा सोडली, देवळातले प्रवचन सोडले. मिशनकडे पैसा मागायचा नाही म्हणून ओळखीच्यांच्या दारी जाऊन देणग्या गोळा केल्या. औषधे, मलमपट्टीचे कापड, हत्यारे यांच्या याद्या करायच्या, दुकाने हिंडायची, बिले तपासायची, खोकी भरायची. पुस्तकांत वाढलेल्या या माणसाला प्रथम हा सारा जाच वाटला. पुढे मात्र नीटनेटकी यादी करण्यातही त्यांना कलेचा आनंद मिळू लागला. भगिनींनो, हे वाचताना मला हसू आले. वाणसामानाची यादी करण्यात अध्यात्म आहे, हे आपल्याला आजवर कोणी सांगितले होते का?

फेब्रुवारी 1913 मध्ये सत्तर खोकी बोर्दो बंदराकडे रवाना झाली. त्यांच्याबरोबर पॅरिसच्या बाख सोसायटीने भेट दिलेला, उष्ण हवेत टिकेल असा आणि ऑर्गनसारखी पायपट्टी असलेला पियानोही होता. गुड फ्रायडेच्या दिवशी दोघांनी ग्युन्सबाख सोडले आणि एप्रिलमध्ये ती ओगोवे नदीकाठी लांबारेनेला पोहोचली. दवाखान्याला जागा नव्हती, म्हणून एका जुन्या खुराड्याला चुना लावून तिथे रोगी तपासायला सुरुवात झाली.

श्वाइट्झरांच्या मते त्यांनी तीन गोष्टी सोडल्या होत्या: ऑर्गन, अध्यापन आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे पैशाचे बळ. तिन्ही त्यांना परत मिळाल्या. बोटे गंजू द्यावीत असे त्यांनी एकदा ठरवलेही होते. पण एका संध्याकाळी बाख वाजवता वाजवता, हा निवांत वेळ रियाझासाठीच आहे, हे त्यांना उमगले. महायुद्धात जर्मन प्रजाजन म्हणून ती दोघे फ्रेंचांच्या कैदेत पडली. सुटल्यावर डोक्यावर कर्ज होते. 1920 मध्ये स्वीडनमधल्या व्याख्यानांनी आणि ऑर्गनच्या कार्यक्रमांनी ते फिटले, आणि 1924 मध्ये ते पुन्हा लांबारेनेला गेले.

पण हेलेनबाई? त्यांची प्रकृती खालावली होती आणि पदरी पाच वर्षांची रेना होती. ज्या कामासाठी त्या परिचारिका झाल्या, त्यालाच त्यांना मुकावे लागले. पुढे त्यांचे जाणे-येणे झाले. पण वर्षानुवर्षे त्यांनी दूर राहून काढली. नवऱ्याने सोडले ते त्याला परत मिळाले. हिने सोडले त्याचा हिशेब कोणी ठेवला? थोर पुरुषांची चरित्रे वाचताना ही बाजू आपणच वाचायला हवी.

शांततेचे 1952 चे नोबेल पारितोषिक श्वाइट्झरांना मिळाले. ती रक्कम त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी खर्च केली. आफ्रिकी माणसांना धाकटे लेखण्याच्या त्यांच्या वृत्तीवर पुढे टीका झाली, आणि ती रास्तच आहे. हेलेनबाई 1957 मध्ये वारल्या, ते 4 सप्टेंबर 1965 रोजी लांबारेनेलाच वारले. त्यांच्यामागे इस्पितळाची जबाबदारी रेनाने उचलली.

दुसऱ्या दिवशी उठून मी बंब आणि डबे देऊन टाकले. पेटी तेवढी ठेवली. आवरायचे म्हणजे सगळेच टाकायचे असे नव्हे; कशासाठी निघालो आहोत हे आधी ठरले, की काय बरोबर न्यायचे ते आपोआप कळते. पेटीचा भाता गळतो आणि माझी बोटेही अडखळतात. तरीही मंडळाच्या गुरुवारच्या भजनाला मी ती घेऊन येते. भगिनींनी सांभाळून घ्यावे.