संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल

ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत शाळेच्या कारभाराविषयीं दोन शब्द लिहावे असें मनांत आलें, तेव्हां उपदेश करण्यापेक्षां एका संताचें चरित्र सांगणें आम्हांस अधिक बरें वाटलें.

जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजीं फ्रान्स देशांतील रेम्स शहरीं एका सधन घराण्यांत झाला. लहान वयांतच ते तेथील मुख्य देवळाचे कॅनन झाले, व १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षीं आद्रियँ नियेल नांवाचे गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा काढावयास रेम्सला आले. त्यांस मदत करतां करतां ला साल या कार्यांत ओढले गेले. शिक्षक अर्धवट शिकलेले व बेशिस्त होते. १६८१ सालीं ला साल यांनीं त्यांस आपल्या घरीं राहावयास आणिलें. नातलगांस हें मुळींच रुचलें नाहीं. पण खरा पेंच शिक्षकांकडूनच आला. शाळा बुडाल्या तरी यांच्यापाशीं पैसा व पद आहे, आपण मात्र उघड्यावर पडूं, अशी त्यांची कुरकुर होती. ला साल यांनीं ती ऐकून घेतली. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडिलें, आणि लागलेल्या दुष्काळांत आपली संपत्ति भुकेल्यांस वाटून टाकिली. आतां ते त्या शिक्षकांतीलच एक झाले.

पोशाख, जेवणखाण, व्रतें यांविषयीं त्यांनीं नुसता हुकूम सोडिला नाहीं. ब्रदरांची सभा भरवून मत घेतलें. शिकवावें कसें, हेंही त्यांनीं एकट्यानें ठरविलें नाहीं. अनुभवी ब्रदरांशीं वारंवार विचारविनिमय करून व वर्गांत करून पाहून नियमांचें पुस्तक तयार झालें. तें १७२० सालीं छापलें गेलें. लॅटिनच्या आधीं मातृभाषेंत वाचन, आणि एकेका मुलास न बोलावतां सबंध वर्गास एकदम पाठ, ही त्यांची पद्धत होती. मास्तरांस विचारण्यापूर्वींच वेळापत्रक ठरवून टाकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंस हें वाचून थोडें अवघडल्यासारखें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

१६९४ सालीं बारा ब्रदरांसह त्यांनीं जन्मभराचीं व्रतें घेतलीं, आणि लगेच ब्रदरांपैकींच कोणास तरी मुख्य निवडावें अशी विनंति केली. दोन वेळां मतें घेतलीं गेलीं; दोन्ही वेळां सर्वांनीं त्यांनाच निवडिलें. मात्र त्यांच्यामागें कोणी धर्मगुरु मुख्य होऊं नये, असें त्यांनीं लिहून ठेविलें.

पुढें पॅरिसमध्यें कज्जे व विरोध वाढले, व खिन्न मनानें ते दक्षिणेकडे निघून गेले. १७१४ च्या एप्रिलांत पॅरिस व आसपासच्या ब्रदरांनीं त्यांस पत्र पाठविलें. त्यांत विनवणी थोडी व आज्ञा अधिक होती: आपण या मंडळास आज्ञाधारकपणाचें वचन दिलें आहे, तरी परत येऊन कारभार हातीं घ्यावा. ज्यानें संस्था उभी केली त्यासच शिष्यांचा हुकूम! ऑगस्टांत ते पॅरिसला हजर झाले.

१७१७ सालीं ब्रदर बार्थेलेमी यांची निवड झाली. तेव्हांपासून ला साल साध्या ब्रदराप्रमाणें त्यांच्या आज्ञेंत राहिले, आणि ७ एप्रिल १७१९ रोजीं, शुभ शुक्रवारीं, रूआं येथें त्यांनीं देह ठेविला.